सामायिक स्टोरेजवरच्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप : एकत्र काय काय पडेल?

१२ डिसेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याचे मुख्य स्टोरेज बंद पडले. खात्याची वेबसाइट, करसल्लागारांची पोर्टल, आतले कामकाज, सगळेच थांबले. फटका बसलेला डेटा एक पेटाबाइटच्या घरातला होता. बॅकअप नव्हता असे नाही. पण पुढच्या वर्षी खात्याने जो चौकशी अहवाल जाहीर केला, त्यातली एक नोंद या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने टेबलासमोर चिकटवून ठेवावी अशी आहे : डेटा परत आणण्यासाठी लागणारी काही साधने त्याच बंद पडलेल्या स्टोरेजवर ठेवलेली होती.

त्याआधी दोनच महिने, ऑक्टोबर २०१६ मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजात असेच घडले होते. सामायिक स्टोरेजचा एक भाग नादुरुस्त झाला, तो बदलला, आणि बदलल्यावर यंत्रणा सावरण्याऐवजी पूर्ण कोसळली. इथेही टेपवर बॅकअप होते. मात्र काही डेटा टेपवर कधी घेतलाच जात नव्हता, आणि तोही जाणूनबुजून, क्षमता पुरत नाही म्हणून. ज्या विभागांचा तो डेटा होता त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

दोन्ही संस्था मोठ्या, पैसेवाल्या, माणसेही जाणती. चुकले ते सॉफ्टवेअर निवडताना नव्हे. स्टोरेज पडले तर त्याच्यासोबत आणखी काय काय पडेल, हा हिशेब कच्चा राहिला होता. व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपवर जे काही लिहिले-बोलले जाते त्यातले बरेचसे कोणते उत्पादन घ्यावे, कोणते बटण दाबावे यावर असते. खरा प्रश्न या हिशेबाचा आहे, आणि तो हार्डवेअरपुरता नाही. जाण्यायेण्याची वाट, लॉगिन, फाइलचा साचा, कामाची माहिती असलेली माणसे, या सगळ्यांना तो लागू होतो.

सामायिक स्टोरेज मुळात आले ते सोयीसाठी. २००३ साली व्हीएमवेअरने व्हीमोशन आणले. चालू व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर, वापरणाऱ्याला पत्ता न लागू देता हलू लागली. हे जमले कारण तिची डिस्क हलत नव्हती; ती मधल्या स्टोरेजवर होती आणि दोन्ही सर्व्हरना दिसत होती. २००४ मध्ये आयस्कझीचे प्रमाण ठरले आणि हेच साध्या इथरनेटवरून, महागड्या फायबर चॅनलशिवाय, करता येऊ लागले. तेव्हापासून ‘तीन होस्ट, दोन स्विच, एक स्टोरेज’ ही मांडणी सहकारी बँकेपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत सर्वत्र दिसते. कोटेशनमध्ये दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, रेड सहा असे सगळे लिहिलेले असते. ते वाचून व्यवस्थापनाचा समज होतो की आता काही बिघडणार नाही. होस्ट मेला तर व्हीएम दुसऱ्या होस्टवर मिनिटा-दोन मिनिटांत उठते, हे खरेच आहे. पण होस्टचे मरण जितके स्वस्त झाले तितके स्टोरेजचे मरण महाग झाले. कंट्रोलर दोन असले तरी फर्मवेअर एकच असते. आणि कोणी चुकीच्या लनवर, म्हणजे स्टोरेजने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेल्या तुकड्यावर, फॉरमॅट मारला, तर रेड ती चूक सर्व डिस्कवर इमानेइतबारे उतरवते. दुसऱ्या ठिकाणी चालणारे रेप्लिकेशनही तेच करते, फक्त काही सेकंद उशिराने.

मग स्नॅपशॉटचे काय? ‘आमच्याकडे दर तासाला स्नॅपशॉट होतो’ हे वाक्य फार ऐकू येते. हायपरव्हायजरचा, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या थराचा, स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि नंतरचे लेखन एका वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाऊ लागते. म्हणजे स्नॅपशॉट ही प्रत नाहीच. मूळ फाइल गेली तर डेल्टा घेऊन करायचे काय? वर ती फाइल त्याच डेटास्टोअरवर वाढत राहते. तो भरला की त्यावरच्या व्हीएम जागच्या जागी थांबतात. एकाच स्नॅपशॉटवर ७२ तासांपेक्षा जास्त काळ व्हीएम चालवू नये, असे व्हीएमवेअर स्वतःच सांगत आले आहे. स्टोरेज बॉक्सच्या आतले स्नॅपशॉट याहून हलके आणि चांगले असतात, चुकून उडवलेली फाइल क्षणात देतात. ते ठेवावेतच. पण बॉक्ससोबत तेही जातात. बॅकअपच्या वेळी स्नॅपशॉट लागतो तो डिस्क स्थिर धरण्यासाठी, तेवढ्यापुरता, आणि काम झाले की तो पुसला गेला आहे ना हे रोज सकाळी कोणीतरी पाहावे लागते. बॅकअप अर्ध्यात तुटला की स्नॅपशॉट मागे राहतात, आणि ते स्नॅपशॉट मॅनेजरच्या पडद्यावर दिसतीलच असे नाही.

बॅकअप घ्यायची वाट कशी बदलत गेली ते थोडे पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला प्रत्येक व्हीएममध्ये जुन्या पद्धतीचा एजंट बसवत. एका होस्टवरच्या वीस व्हीएममध्ये रात्री बारा वाजता वीस एजंट जागे झाले की होस्ट गुडघे टेकायचा. २००६ मध्ये व्हीएमवेअरने कन्सॉलिडेटेड बॅकअप आणला : सॅनला, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कला, जोडलेला एक विंडोज सर्व्हर व्हीएमची पूर्ण डिस्क आधी स्वतःकडच्या जागेत उतरवणार आणि तिथून ती बॅकअपमध्ये जाणार. दुहेरी हमाली. २००९ साली व्हीस्फीअर ४ सोबत नवा इंटरफेस आला आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बदललेल्या ब्लॉकची नोंद. कालच्या बॅकअपनंतर डिस्कचे कोणते तुकडे बदलले एवढेच हायपरव्हायजर सांगतो आणि तेवढेच वाचले जातात. दोन टीबीच्या डिस्कचा रोजचा बॅकअप काही मिनिटांवर आला. आजची बहुतेक उत्पादने याच पायावर उभी आहेत, आणि त्यांतले बरेच काम पुण्यात झालेले आहे. व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र तिथे होते, द्रुवा २००८ साली तिथेच सुरू झाली.

बदललेल्या ब्लॉकच्या या नोंदीवर किती भिस्त ठेवावी? २०१४ मध्ये उघड झाले की व्हर्च्युअल डिस्क १२८ जीबीची सीमा ओलांडून वाढवली असेल तर बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची येऊ शकते. बॅकअप ‘यशस्वी’ म्हणून नोंदले जात होते, हिरवी खूण उमटत होती आणि आत काही ब्लॉक नव्हतेच. बॅकअपचे सॉफ्टवेअर कोणाचेही असो, यादी देणारा हायपरव्हायजर एकच असल्याने सगळेच एकदम आंधळे झाले. म्हणून मधूनमधून यादी बाजूला ठेवून डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेणे हे जुनाट वाटले तरी सोडू नये. महिन्यातून एकदा तरी.

सामायिक स्टोरेज असले की आणखी एक मोह होतो : बॅकअप सर्व्हरच सॅनला जोडायचा आणि होस्टला मध्ये न घेता थेट लनवरून वाचायचे. वेग उत्तम मिळतो, होस्टवर भार शून्य. पण बॅकअप सर्व्हर विंडोज असेल तर त्याला व्हीएमवेअरची फाइल सिस्टम, व्हीएमएफएस, कळत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडले की ‘ही डिस्क अनोळखी आहे, इनिशियलाइज करू का?’ असा प्रश्न येतो आणि एका ‘ओके’वर अख्ख्या डेटास्टोअरची विभागणी पुसली जाऊ शकते. बॅकअप घेणाऱ्यानेच मूळ डेटा उडवल्याची ही वाट आहे. स्टोरेजच्या बाजूनेच त्या सर्व्हरला फक्त वाचण्याची मुभा द्यावी, विंडोजमध्ये ऑटोमाउंट बंद ठेवावे. हे जमत नसेल तर नेटवर्कवरून, हळू का होईना, घेतलेला बॅकअप बरा. वाचलेल्या दीड तासासाठी एवढी जोखीम घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

लिनक्सच्या बाजूला केव्हीएम २००७ साली कर्नलमध्ये आले, त्याच्या पुढच्याच वर्षी व्हिएन्नातून त्यावर उभे असलेले प्रॉक्समॉक्स. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेऊन कायमचे परवाने बंद केले, तेव्हापासून आपल्याकडच्याही अनेक संस्था तिकडे पाहत आहेत. जुना आयस्कझी बॉक्स तोच, वरचा हायपरव्हायजर फक्त बदलायचा. इथे पहिली ठेच लागते. व्हीएमएफएस ही अनेक होस्टनी एकाच वेळी वापरायची फाइल सिस्टम होती, तसे तयार काही इथे मिळत नाही. आयस्कझी लनवर सामायिक एलव्हीएम टाकावे लागते. पातळ एलव्हीएमवर स्नॅपशॉट होतात, पण ते अनेक होस्टमध्ये सामायिक करता येत नाही. जाड एलव्हीएम सामायिक होते, पण त्यावर स्नॅपशॉट नव्हते. प्रॉक्समॉक्सच्या ऑगस्ट २०२५ मधल्या नवव्या आवृत्तीत ते प्रायोगिक स्वरूपात आले. यावरून असा समज पसरला की स्नॅपशॉट नाही तर चालू व्हीएमचा बॅकअपही नाही. तसे नाही. व्हीएमचा बॅकअप तिला चालवणारे क्यूईएमयू स्वतःच्या पातळीवर घेते, त्याला स्टोरेजच्या स्नॅपशॉटची गरज लागत नाही. कंटेनरला मात्र लागते.

क्यूईएमयूची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण तक्रारी तिथूनच येतात. बॅकअप सुरू असताना व्हीएमने अजून वाचून न झालेल्या ब्लॉकवर लिहायला घेतले, तर आधी जुना ब्लॉक बॅकअपच्या ठिकाणी पोहोचवला जातो आणि मगच नवे लेखन होते. म्हणजे बॅकअप सर्व्हर मंद असेल, किंवा मधली लाइन अडखळत असेल, तर चालू डेटाबेसला त्याची वाट पाहावी लागते. रात्री दोनला बिलिंग का रेंगाळते, याचे उत्तर कधी कधी दुसऱ्या इमारतीतल्या स्वस्त डिस्कमध्ये असते. प्रॉक्समॉक्सच्या २०२४ मधल्या ८.२ आवृत्तीपासून जुना ब्लॉक आधी जवळच्या वेगवान डिस्कवर टाकायची सोय आहे. ती चालू करावी, आणि ती जागा सामायिक स्टोरेजऐवजी होस्टमधल्याच एखाद्या एसएसडीवर द्यावी, नाहीतर त्याच बॉक्सवर तिप्पट ओझे. बदललेल्या ब्लॉकची नोंद इथेही असते, पण ती चालू प्रोसेसच्या स्मृतीत. व्हीएम बंद करून चालू केली की नोंद जाते आणि पुढच्या बॅकअपला पूर्ण डिस्क वाचली जाते. महिन्याच्या पॅचिंगनंतरची रात्र लांबते ती यामुळे. बिघाड समजून फोन करू नये.

सेफसारख्या पसरलेल्या स्टोरेजमध्ये एक बॉक्स नसतो, प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती वेगवेगळ्या होस्टवर असतात. डिस्क किंवा होस्ट गेल्याने काही अडत नाही. पण पूल डिलीट करणारी आज्ञा तिन्ही प्रतींना सारखीच लागू पडते, तेव्हा वरचा हिशेब तसाच राहतो.

हायपरव्हायजरने बाहेरून घेतलेली डिस्कची प्रत म्हणजे वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी असेल तशी. आजच्या फाइल सिस्टम आणि बरेचसे डेटाबेस त्यातून सावरतात. पण ‘बरेचसे’वर बँकेची खातेवही सोडता येत नाही. विंडोजमध्ये व्हीएसएस, लिनक्समध्ये गेस्ट एजंटमार्फत फाइल सिस्टम क्षणभर गोठवणे, ही व्यवस्था त्यासाठीच. एजंट बसवलेला असतो, सेटिंगमध्ये टिकही असते, आणि सर्व्हिस आत बंद पडलेली असते, असे सर्रास आढळते. शिवाय डेटाबेस आणि त्याच्या लॉगच्या डिस्क दोन वेगळ्या व्हीएमवर किंवा दोन वेगळ्या लनवर असतील, तर त्यांचे क्षण जुळत नाहीत. महत्त्वाच्या डेटाबेसचा त्याच्या स्वतःच्या साधनाने घेतलेला डंप वेगळा ठेवावाच, व्हीएमचा बॅकअप कितीही चकचकीत असला तरी.

आता वेळेचे गणित. एक गिगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. दहा टीबी हलवायला पंचवीस तास. दहा गिगाबिटवर हेच अडीच तास, अर्थात दोन्ही टोकांच्या डिस्कना तो वेग झेपला तर. रोजचा बॅकअप बदललेल्या ब्लॉकपुरता असल्याने कोणाला ही लाइन अपुरी वाटत नाही. अपुरेपणा कळतो तो परत आणताना, कारण तेव्हा सगळेच आणायचे असते. थेट बॅकअपच्या जागेवरूनच व्हीएम चालू करायची सोय २०१० पासून आहे आणि खरोखर उपयोगी आहे. पण चाळीस व्हीएम एकदम साध्या फिरत्या डिस्कवरून चालवून पाहा, लॉगिनची खिडकी उघडेपर्यंत चहा होईल. म्हणून आधी ठरवावे की पहिल्या चार तासांत कोणत्या पाच व्हीएम उठल्याच पाहिजेत. हा निर्णय संगणक विभागाने घ्यायचा नसतो. बँकेत शाखा व्यवस्थापक, कारखान्यात काटा आणि गाळप सांभाळणारे, रुग्णालयात नोंदणी खिडकी, यांना विचारल्याशिवाय ती यादी बनत नाही.

बॅकअप ठेवायचा कुठे? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत बाहेर, हा नियम फोटो सांभाळण्याच्या संदर्भात रूढ केला आणि तो पुढे सगळ्यांनी उचलला. व्हर्च्युअल जगात तो कागदावर पाळूनही मोडता येतो. बॅकअप सर्व्हर हीच एक व्हीएम, तीही त्याच क्लस्टरवर, आणि तिची डिस्क त्याच स्टोरेजच्या दुसऱ्या लनवर : लन वेगळा, नाव वेगळे, बॉक्स एकच. डुप्लिकेट तुकडे गाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याचे लहान रूप दिसते. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हीएमची डिस्क चार-चार एमबीच्या तुकड्यांत तोडतो आणि सारखा तुकडा एकदाच ठेवतो. तीस दिवसांचे तीस बॅकअप थोड्या जागेत मावतात, कारण ते बव्हंशी एकाच तुकड्यांवर उभे आहेत. त्यातला एक तुकडा डिस्कवर सडला तर तीसही बॅकअप एकाच जागी फाटतात. पडद्यावर तीस प्रती दिसतात, वास्तवात एकच आहे. नियमित पडताळणी आणि दुसऱ्या यंत्रावरची वेगळी प्रत ही त्यावरची तोड.

अंतराचेही तसेच. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटरची इमारत जळाली, तेव्हा काही ग्राहकांचा सर्व्हर आणि विकत घेतलेला बॅकअप एकाच इमारतीत असल्याचे निघाले. प्रकरण कोर्टात गेले आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण शहर पाण्याखाली गेले. शेजारच्या इमारतीत, वरच्या गल्लीतल्या शाखेत ठेवलेली प्रत ‘बाहेरची’ मानायची की नाही, हे अशा दिवशी कळते. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांचा सामायिक जी-ड्राइव्ह, ८५८ टीबी, पूर्ण गेला. बाहेर बॅकअप नव्हता. आकार फार मोठा म्हणून घेतला नव्हता. किंग्ज कॉलेजचे कारण आणि हे कारण यांत नऊ वर्षांचे अंतर आहे.

आग आणि पूर निदान निवड करून येत नाहीत. खंडणीखोर हल्लेखोर आधी बॅकअप शोधतो. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर हल्ला झाला. सर्व्हर एका केंद्रातून दुसऱ्यात हलवताना आधीच बाधित झालेली यंत्रे अंतर्गत व्यवस्थापन नेटवर्कला जोडली गेली, आणि तिथून हल्लेखोर मध्यवर्ती प्रशासनापर्यंत, मुख्य बॅकअपपर्यंत आणि दुय्यम बॅकअपपर्यंतही पोहोचले. बहुतेक ग्राहकांचे सगळे गेले. दोन बॅकअप होते, पण दोन्हींकडे जाणारी वाट एकच होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत इएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या हल्ल्याने जगभरच्या व्हीएमवेअर होस्टवरच्या व्हीएमच्या फाइल कुलूपबंद केल्या. ज्या छिद्रातून तो आला त्याचा पॅच दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध होता. उलट नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला, रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चालले, पण तिथल्या ई-हॉस्पिटल यंत्रणेचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता.

‘सुटला’ हे नशिबावर न सोडता घडवून आणता येते. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये घालू नये; त्याचे लॉगिन वेगळे, पासवर्ड वेगळा, शक्य तर सांभाळणारी व्यक्तीही वेगळी. हायपरव्हायजरला बॅकअप लिहिण्याची परवानगी असावी, खोडण्याची नसावी. दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरने पहिल्याकडून प्रत स्वतः ओढून घ्यावी, पहिल्याकडे दुसऱ्याचा पासवर्ड असूच नये. आणि टेप. टेपची टिंगल करणारे पुष्कळ आहेत, पण कपाटातल्या टेपपर्यंत कोणतीही केबल जात नाही. एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी मावतात, मध्यम संस्थेला आठवड्याला एक-दोन पुरतात. बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल तर त्याची चावी छापून, पाकिटात बंद करून, तिजोरीत ठेवावी. ती त्याच क्लस्टरवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका थकलेल्या अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचे फोल्डर उडाले. तेव्हा कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि एकही कामाची निघाली नाही. रोजचा डंप चुकीच्या आवृत्तीच्या साधनामुळे रोज अयशस्वी होत होता. अपयशाची ईमेल पाठवली जात होती, पण ती समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने वाचवले, आणि तो मंद डिस्कवर असल्याने सगळे पूर्ववत व्हायला सुमारे अठरा तास लागले. कंपनीने हे सगळे उघडपणे लिहून ठेवले, याबद्दल या व्यवसायाने तिचे आभारच मानावेत. अपयशाच्या ईमेलवर विसंबू नये, यशाची ईमेल आली नाही की फोन वाजावा, ही रीत त्यातून घेण्यासारखी.

रिस्टोअरचा सराव म्हणजे एखादी फाइल परत काढून पाहणे नव्हे. एक रिकामा होस्ट घ्यावा, त्याची सामायिक स्टोरेजची केबल काढावी, आणि फक्त बॅकअपमधून पाच महत्त्वाच्या व्हीएम उभ्या कराव्यात. पहिल्या तासातच कळते की बॅकअप सर्व्हरचे नाव सोडवणारा डीएनएस ही पडलेलीच एक व्हीएम आहे. लॉगिनसाठी लागणारी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी दुसरी. स्विचचे व्हीलॅन कोणत्या क्रमांकाचे हे ज्या विकीवर लिहिले आहे ती तिसरी. आयपी पत्ते कागदावर लागतात. हायपरव्हायजरच्या इन्स्टॉलेशनची पेनड्राइव्ह लागते, आणि ती त्याच आवृत्तीची.

आवृत्तीवरून एक गोष्ट, जी सध्याच्या स्थलांतराच्या लाटेत मागे पडते आहे. व्हीएमवेअरवरून दुसरीकडे जाताना चालू व्हीएम सगळे नेतात. सात वर्षे ठेवायचे म्हणून ठेवलेले जुने बॅकअप कोणी नेत नाही. ते व्हीएमडीके या व्हीएमवेअरच्या डिस्क-साच्यात पडून असतात. आता काही उत्पादने जुना व्हीएमवेअर बॅकअप प्रॉक्समॉक्सवर उतरवून देतात, वीम या बॅकअप उत्पादनाने २०२४ मध्ये ही सोय दिली. पण उतरवलेली विंडोज व्हीएम, नव्या हायपरव्हायजरच्या व्हर्टआयओ डिस्कचा ड्रायव्हर आत नसल्याने, बूट डिस्क सापडत नाही म्हणत निळ्या पडद्यावर थांबू शकते. डिस्क तात्पुरती साटा म्हणून जोडली की ती बहुधा उठते. लेखापरीक्षक २०२१ च्या मार्चची बाकी मागायला येतील त्या दिवशी हे शोधत बसण्यापेक्षा, जुन्यातला एक बॅकअप या आठवड्यातच नव्या होस्टवर उतरवून पाहावा, आणि तोवर जुन्या हायपरव्हायजरचा एक होस्ट, त्याच्या इन्स्टॉलेशनसकट, भंगारात देऊ नये.